बेरीज करू की वजाबाकी? शाब्दिक उदाहरणे सोडवण्याची वाट

पालकसभा संपली, की दोन-चार पालक मागे रेंगाळतात. बहुतेकांचे म्हणणे एकच असते. "आकडेमोड सगळी येते हो त्याला. पण शाब्दिक उदाहरण आलं की वही माझ्याकडे सरकवतो आणि विचारतो, बेरीज करू की वजाबाकी?" पाचवीतल्या मुलाची आई हे सांगते, तसे दहावीतल्या मुलीचे वडीलही सांगतात. दहावीत फक्त 'बेरीज की वजाबाकी'च्या जागी 'कुठलं सूत्र लावू' हा प्रश्न येतो.

हा लेख त्याच प्रश्नासाठी आहे. अनेक वर्षे वह्या तपासून माझे मत पक्के झाले आहे : शाब्दिक उदाहरणात अडणारी बहुतेक मुले आकड्यांत अडत नाहीत, वाक्यात अडतात. 'ने', 'वर', 'पैकी', 'पेक्षा', 'उरलेल्या' हे एवढेसे शब्द आणि प्रत्यय नजरेतून निसटतात आणि पुढची सगळी बिनचूक आकडेमोड चुकीच्या वाटेने जाते. म्हणून आधी वाचायचे कसे ते पाहू. सूत्रे नंतर.

शब्द पाहून क्रिया ठरवू नका

घराघरांत एक तक्ता पाठ करून घेतला जातो : 'एकूण' आले की बेरीज, 'उरले' आले की वजाबाकी, 'प्रत्येकी' आले की गुणाकार किंवा भागाकार. दुसरी-तिसरीत हा तक्ता चालतो आणि तिथेच त्याची सवय लागते. चौथीपासून तो फसवू लागतो. हे उदाहरण पाहा :

*रमाकडे २४ आंबे आहेत. तिच्याकडे सीमापेक्षा ७ आंबे जास्त आहेत. सीमाकडे किती आंबे आहेत?*

तक्ता पाठ असलेले मूल 'जास्त' हा शब्द पाहते आणि २४ + ७ = ३१ लिहून मोकळे होते. पण जास्त आंबे रमाकडे आहेत. सीमाकडचे आंबे कमीच असणार, म्हणजे २४ − ७ = १७. मुलाला बेरीजही येते आणि वजाबाकीही. कोणाकडे जास्त, एवढे वाचायचे राहिले.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवा आणि पुढच्या जोड्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. प्रत्येक जोडीत फरक कुठे आहे ते त्यांनाच सांगू द्या.

- 'ने' आणि 'वर'. 'किंमत २० रुपयांनी उतरली' आणि 'किंमत २० रुपयांवर उतरली'. पहिल्या वाक्यात २० हा फरक आहे, दुसऱ्यात २० ही नवी किंमत आहे.
- 'प्रत्येकी' आणि 'मिळून'. 'तिघांना प्रत्येकी ४५ रुपये दिले' म्हणजे १३५ रुपये गेले. 'तिघांना मिळून ४५ रुपये दिले' म्हणजे ४५च गेले.
- 'च्या दुपटीपेक्षा ५ ने कमी'. हे २क्ष − ५ आहे. मुले शब्द ज्या क्रमाने कानावर पडतात त्या क्रमाने लिहू पाहतात आणि ५ − २क्ष करून बसतात. आधी एक सोपी संख्या घालून पाहा : १० च्या दुपटीपेक्षा ५ ने कमी म्हणजे १५. मग क्ष आपोआप जागेवर बसतो.
- 'पासून' आणि 'पर्यंत'. ५ तारखेपासून १२ तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून, ८ दिवस होतात, ७ नव्हे. १०० मीटर रस्त्याच्या एका कडेला दर १० मीटरवर झाड लावले आणि दोन्ही टोकांनाही लावले, तर झाडे ११ लागतात. बोटे पसरून दाखवा : बोटे पाच, पण मधल्या फटी चारच.
- 'पैकी' आणि 'उरलेल्यापैकी'. यात सर्वांत जास्त गुण जातात. यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

मराठी संख्यानामांबद्दलही एक सांगायला हवे. 'त्रेसष्ट' म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो. 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकू येते आणि लिहायचे असतात ५९. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वादात कोणतीही बाजू घ्या, मुलांची अडचण मात्र खरी आहे. घरी तोंडी उदाहरण सांगत असाल तर मुलाने लिहिलेला आकडा आधी बघा. कितीदा तरी रीत बरोबर असते आणि ऐकलेला आकडाच उलटा लिहिलेला असतो. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांचेही तसेच. आजी-आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, औटकी पाठ केली होती. आजच्या मुलाला 'पावणेदोन तास' म्हटले की ते २ तास ४५ मिनिटे लिहिते. हे शब्द घरात वापरात ठेवा. दूध, भाजी, बसची वेळ, सगळीकडे ते सहज येतात.

पेन्सिल चालवण्याआधी तीन गोष्टी

१. शेवटचे वाक्य आधी वाचा. काय काढायचे आहे ते कागदावर एककासह लिहा : 'सीमाकडचे आंबे = ? नग', 'लागणारे दिवस = ?'. एकक लिहिले की निम्मी वाट दिसते. दिवस विचारले असतील आणि हाती मजुरांची संख्या आली, तर ते तिथल्या तिथे कळते.

२. आकडे न घेता गोष्ट सांगा. 'एकाने काही पैसे बसला दिले, उरलेल्यातले थोडे जेवणाला दिले, तरी काही राहिले. आधी किती होते ते विचारले आहे.' एवढे सांगता येत नसेल तर आकडेमोड सुरू करू नका, पुन्हा वाचा. मूल सेमी-इंग्रजीत असेल तर ही पायरी कधीच वगळू नका. उदाहरण इंग्रजीत वाचायचे आणि गोष्ट मराठीत सांगायची. 'रिड्यूस्ड बाय ट्वेंटी' आणि 'रिड्यूस्ड टू ट्वेंटी' यांतला फरक पुष्कळ मुलांना मराठीत सांगतानाच पहिल्यांदा जाणवतो.

३. उत्तर मोठे येणार की लहान, ते आधी सांगा. नेमके नको, ढोबळ सांगा. 'दोन नळ मिळून भरणार, म्हणजे एकट्या नळापेक्षा कमी वेळ लागेल.' हा अंदाज समासात लिहून ठेवा. उत्तर आल्यावर तो उपयोगी पडतो.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली लिहिलेल्या 'हाऊ टू सॉल्व्ह इट' या पुस्तकात उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे सांगितले : समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या मुलांकडून सरावात फक्त तिसरा टप्पा करून घेतला जातो. वरच्या तीन गोष्टी पहिल्या दोन टप्प्यांसाठी आहेत. चौथ्याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, ताळा. त्याकडे येईनच.

पट्टी काढा : एक उदाहरण सावकाशीने

*सहलीसाठी जमलेल्या रकमेपैकी २/५ रक्कम बसभाड्याला दिली. उरलेल्या रकमेपैकी १/३ रक्कम जेवणाला दिली. ४,८०० रुपये शिल्लक राहिले. एकूण किती रक्कम जमली होती?*

हे उदाहरण मी मुद्दाम निवडले आहे, कारण ते चुकवले तरी उत्तर छान पूर्णांकात येते. मुले बहुधा असे करतात : २/५ + १/३ = ११/१५ खर्च, म्हणजे ४/१५ शिल्लक. ४,८०० ला ४ ने भागून १५ ने गुणले की १८,०००. आकडा गोल आला, मूल खूश होते आणि पुढच्या उदाहरणाकडे वळते.

आता कागदावर एक आडवी पट्टी काढा. तिचे पाच सारखे भाग करा. ही सगळी जमलेली रक्कम.

- दोन भागांवर 'बस' लिहा. तीन भाग उरले.
- जेवणाला उरलेल्याचा तिसरा हिस्सा. तीन भागांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक भाग. त्यावर 'जेवण' लिहा.
- दोन भाग कोरे राहिले. तेच ४,८०० रुपये.
- म्हणून एक भाग २,४०० रुपयांचा आणि पाच भाग १२,००० रुपयांचे.

अपूर्णांकांची बेरीज नाही, क्ष नाही, लसावि नाही. आता ताळा : १२,००० मधून बसला ४,८०० गेले, ७,२०० राहिले. त्याचा तिसरा हिस्सा २,४०० जेवणाला गेला, ४,८०० राहिले. जुळले. हाच ताळा १८,००० ला लावून बघा : बसला ७,२००, उरले १०,८००, जेवणाला ३,६००, शिल्लक ७,२००. उदाहरणात तर ४,८०० दिले आहेत. अर्ध्या मिनिटात चूक सापडली.

चूक होती 'उरलेल्या' या एका शब्दात. मुलाने १/३ हा सगळ्या रकमेचा धरला होता. पट्टी काढली की ही चूक करायला जागाच राहत नाही, कारण पेन्सिल उरलेल्या भागांवरच ठेवावी लागते. पाचवी ते आठवीच्या मुलांना मी आधी पट्टी शिकवते आणि समीकरण नंतर. 'समीकरण येतं, मग पट्टी कशाला' असे मोठी मुले म्हणतात. त्यांनाही माझे सांगणे आहे, की समीकरण मांडण्याआधी कच्च्या कामाच्या जागेत पट्टी काढा.

शेकडेवारी : 'कशाचे?' विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

शेकडेवारीच्या प्रत्येक उदाहरणात एक लपलेला प्रश्न असतो : हे शंभर म्हणजे कोण? तो विचारला नाही, तर नफा-तोटा, सूट, व्याज, जीएसटी सगळीकडे तीच चूक पुन्हा पुन्हा होते.

*१५ टक्के सूट देऊन एक सदरा ६८० रुपयांना विकला. छापील किंमत किती?*

मुले ६८० चे १५ टक्के, म्हणजे १०२, काढतात आणि मिळवतात : ७८२. पण सूट छापील किमतीवर दिलेली आहे, ६८० वर नव्हे. छापील किंमत १०० धरली तर सदरा ८५ ला गेला. ८५ ला ६८०, तर १ ला ८ आणि १०० ला ८००. छापील किंमत ८०० रुपये. ताळा : ८०० चे १५ टक्के १२०, उरले ६८०.

दहावीच्या 'अर्थनियोजन' प्रकरणात जीएसटीची उदाहरणे याच साच्याची आहेत. १८ टक्के कर धरून बिल १,१८० रुपये झाले असेल तर वस्तूची करपात्र किंमत १,००० रुपये. १,१८० चे १८ टक्के वजा केले तर ९६७.६० येतात, आणि असे वेडेवाकडे उत्तर आले की मुले घाबरून आकडेमोड पुन्हा तपासत बसतात. आकडेमोड बरोबरच असते. शंभर कोणाला म्हटले तेवढे तपासा.

आणखी दोन जागा अशा आहेत, जिथे हुशार मुलेही घसरतात :

- २० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट. १,००० ची वस्तू १,२०० झाली. आता २० टक्के १,२०० चे काढायचे, म्हणजे २४०. वस्तू ९६० ला आली, पहिल्या किमतीला परतली नाही.
- दोन वस्तू सारख्याच किमतीला विकल्या, एकीवर २० टक्के नफा, दुसरीवर २० टक्के तोटा. 'नफा-तोटा फिटले' असे वाटते. दोन्ही १,२०० ला विकल्या असे धरा. नफ्याच्या वस्तूची खरेदी १,०००, तोट्याच्या वस्तूची १,५००. एकूण २,५०० घातले आणि २,४०० आले. १०० रुपये तोटा, म्हणजे शेकडा ४.

पाठ्यपुस्तकात नफा-तोट्याचे शेकडे खरेदी किमतीवर काढतात. सूट छापील किमतीवर असते. सरळव्याज मुद्दलावर, तर चक्रवाढ व्याज त्या त्या वर्षाच्या राशीवर असते. ही यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक उदाहरणात समासात 'शंभर = …' असे लिहायची सवय लावा. दोन महिन्यांत फरक दिसतो, हे मी वर्गात पाहिले आहे.

काळ, काम, वेग

*६ मजूर एक काम १० दिवसांत करतात. तेच काम १५ मजूर किती दिवसांत करतील?*

समप्रमाण डोक्यात पक्के बसलेले मूल २५ दिवस काढते. अंदाजाची पायरी इथे कामाला येते : माणसे वाढली, मग दिवस वाढतील कसे? एकूण काम ६ × १० = ६० मजूर-दिवसांचे आहे. ते १५ जणांत वाटले की ४ दिवस.

*एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर?*

उत्तर ९ किंवा १८ आले तर अंदाजाशी ताडून बघा. एकटा पहिला नळच ६ तासांत भरतो, तर मदतीला दुसरा आल्यावर ६ पेक्षा कमीच लागणार. एका तासात पहिला १/६ टाकी भरतो, दुसरा १/१२, मिळून १/४. म्हणून ४ तास. तासांची बेरीज किंवा सरासरी करायची नसते. एका तासातल्या कामाची बेरीज करायची असते.

सरासरी वेगातही हाच सापळा आहे. जाताना ताशी ४० किमी, येताना ताशी ६० किमी, तर सरासरी ५० नव्हे. अंतर सोयीचे, म्हणजे १२० किमी धरा. जायला ३ तास, यायला २ तास. २४० किमीला ५ तास, म्हणून ताशी ४८ किमी. हळू चाललेल्या गाडीत आपण जास्त वेळ असतो, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकते.

आगगाडीच्या उदाहरणांत दोन गोष्टी आठवणीने करा. ताशी किमीचे सेकंदाला मीटर करताना ५/१८ ने गुणा. आणि पूल ओलांडायचा असेल तर पुलाच्या लांबीत गाडीची लांबी मिळवा. १५० मीटरची गाडी ताशी ५४ किमी वेगाने ३०० मीटरचा पूल ओलांडते : वेग सेकंदाला १५ मीटर, अंतर ४५० मीटर, वेळ ३० सेकंद. फक्त खांब ओलांडायचा असेल तर गाडीची लांबी पुरते.

वयाची उदाहरणे आणि 'समजा'

*आईचे वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. ५ वर्षांनी ते तिप्पट होईल. आजची वये काढा.*

इथे चार चौकटींचा तक्ता काढा. आडव्या ओळी दोन, मुलगा आणि आई. उभे स्तंभ दोन, 'आज' आणि '५ वर्षांनी'.

- मुलगा : आज क्ष, ५ वर्षांनी क्ष + ५
- आई : आज ४क्ष, ५ वर्षांनी ४क्ष + ५

दुसरी अट ५ वर्षांनंतरच्या स्तंभाची आहे, म्हणून समीकरण त्याच स्तंभातून लिहा : ४क्ष + ५ = ३(क्ष + ५). यातून क्ष = १०. मुलगा १० वर्षांचा, आई ४० वर्षांची. ताळा : ५ वर्षांनी १५ आणि ४५, तिप्पट.

मुले आईला ५ वर्षे मोठी करतात आणि मुलाला तिथेच ठेवतात. ४क्ष + ५ = ३क्ष लिहिले की क्ष = −५ येते. दुसरी चूक कंसाची, ३ ने ५ ला गुणायचे राहते. तक्ता काढला की पहिली चूक होत नाही. दुसरीसाठी ताळाच हवा.

'समजा'च्या ओळीत काळ आणि एकक दोन्ही लिहा : 'समजा, मुलाचे आजचे वय क्ष वर्षे आहे.' नुसते 'समजा क्ष' लिहिले, तर तीन ओळींनंतर क्ष कोण हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाही.

लसावि की मसावि?

नावांनीच गोंधळ होतो. 'लघुतम' म्हणून ओळखली जाणारी संख्या दिलेल्या संख्यांपेक्षा मोठी किंवा निदान मोठीएवढी असते. 'महत्तम' म्हणून ओळखली जाणारी संख्या लहान किंवा लहानीएवढी असते. म्हणून नाव विसरा आणि विचारा : उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठे हवे आहे की लहान?

तीन घंटा ८, १२ आणि १५ मिनिटांच्या अंतराने वाजतात, सकाळी ९ वाजता एकत्र वाजल्या, तर पुन्हा एकत्र कधी? उत्तर १५ मिनिटांपेक्षा जास्त असणार, म्हणून लसावि : १२० मिनिटे, म्हणजे ११ वाजता. ४२ आणि ५६ मीटरच्या दोन दोरांचे काही न उरता सारख्या लांबीचे, जास्तीत जास्त लांब तुकडे करायचे आहेत. तुकडा दोरापेक्षा मोठा होऊ शकत नाही, म्हणून मसावि : १४ मीटर.

ताळा : उत्तर गोष्टीत परत ठेवा

पुस्तकामागचे उत्तर जुळले म्हणजे ताळा झाला असे मुले समजतात. परीक्षेत मागचे पान नसते. ताळा म्हणजे आलेले उत्तर मूळ गोष्टीत ठेवून प्रत्येक वाक्य खरे होते का ते पाहणे. समीकरणात क्ष ची किंमत घालून पाहणे पुरेसे नाही. समीकरणच चुकीचे मांडले असेल, तर चुकलेले उत्तरही त्यात नीट बसते.

गोष्ट उत्तराला आकारही देते. १३० मुलांना न्यायचे आणि एका बसमध्ये ४० जागा, तर भागाकार ३.२५ येतो आणि बस ४ लागतात. १३० रुपये आहेत आणि ४० रुपयांना एक पेन, तर तोच भागाकार ३.२५, पण पेन ३ येतात. दशांशचिन्हापुढचे काय करायचे ते गोष्ट सांगते, नियम सांगत नाही.

उत्तरपत्रिकेत

दहावीला गणित भाग १ आणि भाग २ चे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात. गुण पायऱ्यांना असतात, म्हणून :

- 'समजा', मिळालेले समीकरण आणि शेवटचे उत्तराचे वाक्य कधीही सोडू नका. उत्तर चुकले तरी बरोबर मांडलेल्या पायऱ्यांचे गुण मिळतात.
- वर्गसमीकरणात एक उत्तर टाकून द्यावे लागते. कारण लिहा. 'आयताची लांबी रुंदीपेक्षा ४ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ९६ चौ. मीटर' यात रुंदी ८ किंवा −१२ येते. 'लांबी-रुंदी ऋण नसते, म्हणून −१२ अग्राह्य' ही ओळ हवीच.
- 'कृती पूर्ण करा' या प्रश्नात दिलेल्या चौकटींचीच वाट धरा. तुमची रीत वेगळी आणि बरोबर असली, तरी इथे चौकटी भरायच्या आहेत.
- कच्चे काम त्याच पानावर, कडेला करा. तिथला आकडा उतरवताना होणाऱ्या चुका मी शेकड्याने पाहिल्या आहेत.
- अडलात तर एक आडवी रेघ मारून पुढे जा. खाडाखोड करत बसण्यात दुसऱ्या उदाहरणाचा वेळ जातो.

घरी सोबत बसताना

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे : 'सोप्पं तर आहे' असे म्हणू नका. मुलाला ते सोपे वाटत नसते, आणि मग अडले तरी ते सांगेनासे होते. पेन्सिल त्याच्याच हातात राहू द्या. तुमची रीत शाळेतल्या रितीपेक्षा वेगळी असेल तर आधी त्याची रीत त्याच्याकडून ऐकून घ्या. रोज तीन उदाहरणे पुरतात, पण प्रत्येकाची गोष्ट, अंदाज, मांडणी आणि ताळा असे चारही झाले पाहिजे. वीस उदाहरणे उरकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. चुकलेले उदाहरण खोडू नका, कोणत्या शब्दापाशी वाट चुकली त्याखाली रेघ मारा. महिनाभराच्या रेघा एकत्र पाहिल्या की मूल नेमके कुठे अडते ते कळते.

गाईडातली सोडवलेली उदाहरणे वाचणे हा सराव नव्हे. उत्तर झाकून आधी मांडणी करा, मग उघडा. मागच्या इयत्तेचे कच्चे राहिले असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ विनामूल्य मिळतात. सातवीच्या मुलाने पाचवीचे अपूर्णांक पुन्हा सोडवण्यात कमीपणा नाही.

शाळेकडून आणि मंडळाकडून काय मागता येते

पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते, म्हणून स्पष्ट लिहिते.

- जादा मार्गदर्शन. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांशी नियमित बैठका घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. शाळेत जाताना 'गणितात कच्चा आहे' एवढेच सांगू नका. रेघा मारलेली वही दाखवा आणि नेमके काय अडते ते सांगा.
- मार आणि अपमान नाही. त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. उदाहरण चुकले म्हणून मुलाला वर्गासमोर हिणवणे यातच येते.
- शिकवणीची सक्ती नाही. कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. 'माझ्या क्लासला पाठवा' असे शाळेतूनच सांगितले गेले तर मुख्याध्यापकांकडे लेखी विचारणा करा.
- दहावीचे गुण. निकालानंतर मंडळाकडे गुणपडताळणीसाठी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते. मुदत थोड्या दिवसांची असते, निकालाच्या वेळचे निवेदन त्याच दिवशी वाचा. छायाप्रत हाती आली की गणिताच्या शिक्षकांसोबत बसून पायऱ्यांचे गुण तपासा, मगच पुढचा अर्ज करायचा की नाही ते ठरवा.
- डिस्कॅल्क्युलिया. नुसत्या शाब्दिक उदाहरणांत अडणे हे याचे लक्षण नव्हे. पण वरच्या इयत्तेतही लहान बेरजा बोटांवरच कराव्या लागत असतील, घड्याळ वाचता येत नसेल, दोन संख्यांतली मोठी कोणती हे चटकन कळत नसेल, तर तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत डिस्कॅल्क्युलियाचा समावेश आहे. अधिकृत प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. तपासणी, प्रमाणपत्र आणि शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज, या सगळ्याला महिने लागतात. दहावीच्या वर्षाची वाट पाहू नका. शंका आली त्याच वर्षी वर्गशिक्षकांशी बोला आणि केलेल्या प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.